चौथीत ‘ब-१’ श्रेणी आणि पाचवीच्या गणितात ५० पैकी ११ गुण : यातले खरे कोणते मानावे?

प्रश्न : पालक, मानेवाडा

नमस्कार. माझा मुलगा नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत यंदा पाचवीत होता. पहिलीपासून चौथीपर्यंत त्याच्या प्रगतिपत्रकावर गणितात कधी ‘ब-१’, तर कधी ‘अ-२’ अशी श्रेणी येत राहिली, आणि ‘आवड, छंद’ या रकान्यात ‘गणिती कोडी सोडवतो’ असा शेराही होता. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत मात्र त्याला गणितात ५० पैकी ११ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे १८ गुण लागतात. शाळेने पुनर्परीक्षेची सूचना हातात ठेवली आणि ‘सुट्टीत तयारी करून घ्या’ एवढेच सांगितले.

मुलावर मी रागावलेलो नाही. मला कोडे पडले आहे ते वेगळेच. जो मुलगा एका वर्षापूर्वी ७१ ते ८० टक्क्यांच्या गटात होता, तो वर्षभरात २२ टक्क्यांवर कसा येईल? आधीच्या श्रेणी खोट्या होत्या, की ही परीक्षाच त्याला न झेपणारी होती? आमच्या कार्यालयात यावर दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, ‘ढकलपास’ बंद झाले ते उत्तम झाले. काही जण म्हणतात, दहा वर्षांच्या मुलाला नापास करणे हा अन्याय आहे. दोन्ही बाजू ऐकून माझे समाधान झालेले नाही. शिक्षण क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख, काटोल

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर साध्या बेरजेत आहे. आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याचे कलम असलेला शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याला अनुसरून राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. त्यात वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग केले. पहिली-दुसरीला आकारिकला ७० आणि संकलितला ३० गुण, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला ५० व ५०, आणि सातवी-आठवीला ४० व ६० असा भारांश ठरला. चौथीच्या संकलित ४० मध्येही तोंडी व प्रात्यक्षिकाचे १० गुण आहेत, म्हणजे निव्वळ लेखीला उरतात ३०.

आता समजा, एखाद्या मुलाला आकारिकमध्ये ५४, तोंडीत ८ आणि लेखीत ३० पैकी फक्त १० गुण मिळाले. बेरीज ७२ होते, श्रेणी ‘ब-१’ येते आणि पालक निर्धास्त होतात. लेखीत दोन तृतीयांश भाग चुकला आहे, हे त्या एका अक्षरामागे झाकले जाते. आपल्या मुलाचे असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. चौथीच्या संचयी नोंदपत्रकात तपशील मिळेल. तो मागून घ्यावा.

मूळ कल्पना वाईट होती असे मी अजूनही म्हणणार नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली होती, ती याचसाठी की मूल तीन तासांच्या कागदावर तोलले जाऊ नये. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची, प्रत्येक विषयात, प्रत्येक साधनानुसार नोंद ठेवायची म्हटल्यावर काय झाले, ते मी शाळाभेटींत पाहिले आहे. बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या, पुढे त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. एका तपासणीत तर सलग अकरा मुलांच्या ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात एकच वाक्य मी वाचले आणि खाली सही केली. आज त्या सहीची लाज वाटते.

उत्तर २ : पालक, महाल

केंद्रप्रमुख सरांनी प्रांजळपणे लिहिले, परंतु त्यातून निष्कर्ष एकच निघतो की परीक्षा हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची आणि पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठीही तसेच केले. एवढे सगळे उगाच झालेले नाही. आठ वर्षे ‘सगळे छान आहे’ असे सांगायचे आणि नववीत अचानक पाय ओढायचा, ही मुलांची कसली दया? माझी मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेला बसली होती. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर तिने आनंदाने सोडवले. परीक्षेची भीती मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक असते.

प्रश्नकर्त्याला माझा सल्ला असा, की ११ गुण हे चार वर्षांत शाळेने दिलेले पहिले खरे उत्तर समजावे.

उत्तर ३ : जिल्हा परिषद शिक्षिका, रामटेक तालुका

महालच्या दादांचे शेवटचे वाक्य वाचून थांबले. ११ हे खरे असेल, पण ते उत्तर नाही. त्याने फक्त ‘येत नाही’ एवढे कळते. काय येत नाही, ते कळत नाही.

माझ्या वर्गातील एक उदाहरण देते. ४०२ मधून १७८ वजा करा, असे गणित दिले. बरोबर उत्तर २२४. एका मुलीने ३७६ लिहिले आणि एका मुलाने ३२४. उत्तरसूचीप्रमाणे दोघांनाही शून्य. परंतु मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, वर कोणता आणि खाली कोणता हे न पाहता. तिला वजाबाकी म्हणजे काय, इथपासून काड्यांचे गठ्ठे घेऊन सुरुवात करावी लागली. मुलाला हातचा घेणे येत होते, फक्त दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे शतक सुटे केल्यावर ते एकाने कमी करायचे तो विसरला होता. त्याचे काम दोन तासिकांत झाले, मुलीला तीन आठवडे लागले. दोघांच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी आली असती तरी हा फरक दिसला नसता, आणि गुण आले असते तरीही दिसला नसता.

आमच्याकडे चाचण्यांची कमतरता नाही. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन अशा नियतकालिक मूल्यांकनाच्या चाचण्या होतात. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीचे पेपर पुण्याहून छापून येतात. माझी शाळा द्विशिक्षकी आहे, म्हणजे दोन-तीन वर्ग एकाच वेळी माझ्यासमोर बसलेले असतात. पेपर तपासायचे आणि प्रत्येक मुलाचे प्रश्ननिहाय गुण चॅटबॉटवर, म्हणजे मोबाईलवरच्या ऑनलाइन प्रणालीत, भरायचे, ते मोबाईलला जिथे रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन. गुण भरल्याशिवाय चाचणी झाली असे धरले जात नाही. मुलांच्या चुका वाचल्या की नाहीत, हे मात्र आजवर मला कोणी विचारलेले नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या भागात काही घरांत गोंडी बोलतात, तर नागपूरच्या अनेक वस्त्यांत हिंदी. शाब्दिक उदाहरणात मूल अडले, की ते गणितात अडले की मराठीत, हे पाहण्यासाठी तेच उदाहरण तोंडी, त्याच्या बोलीत विचारावे लागते. लेखी पेपरला ती सोय नाही.

उत्तर ४ : माध्यमिक शिक्षक, हिंगणा रस्ता

ताईंचे म्हणणे पटते. मला फक्त पुनर्परीक्षेबद्दल लिहायचे आहे, कारण त्या बाबतीत विदर्भाचा विचार झालेला दिसत नाही. कायदा म्हणतो, अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी. आपल्याकडे निकाल लागतो तो मे महिन्याच्या तोंडावर, तेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर असतो. पुढे नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ अतितप्त दिवस, येतो, आणि उर्वरित राज्यातील शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात तेव्हा आपल्या शाळा उन्हामुळे आणखी काही दिवस बंदच असतात. त्या दोन महिन्यांत हे मार्गदर्शन कोण आणि कुठे देणार? शिक्षक सुट्टीवर, वर्गांना पत्र्याचे छत, आणि मजुरीवर जाणारी कुटुंबे तर मुलांना घेऊन गावी गेलेली. शिकवणी लावू शकणाऱ्याचे मूल तरते. बाकीच्यांसाठी पुनर्परीक्षा म्हणजे तोच पेपर दुसऱ्यांदा न येणे.

महालच्या दादांना एक नम्र आठवण द्यावीशी वाटते. नापास न करण्याचे कलम लाड म्हणून आले नव्हते. मी नोकरीला लागलो तेव्हा पाचवीत राहिलेल्या मुली दुसऱ्या वर्षी पटावर दिसत, वर्गात दिसत नसत. धाकट्या बहिणीच्या वर्गात बसण्यापेक्षा घरी भावंडे सांभाळलेली बरी, असे आईच म्हणे.

तसे पाहिले तर ही चर्चा आपल्या भागाला नवीन नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती आणि तिथून नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याची, योजना निघाली. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाची चूक सुतात दिसते, तिथेच आणि त्याच वेळी. सूत तुटल्याचे कळायला एप्रिल उजाडावा लागत नाही. (आता वर्गात टकळ्या आणा, असे मी म्हणत नाही. आधीच्या साहित्यपेट्याच कपाटात कुलपात आहेत.)

उत्तर ५ : पालक, महाल

मार्गदर्शनाच्या वेळापत्रकाबद्दल सरांचा मुद्दा मान्य. निकाल मार्चमध्येच लावून एप्रिलभर सकाळच्या शाळेत त्या मुलांना शिकवता येईल. परंतु परीक्षाच नको, हे मला मान्य नाही. ताईंनी केले तसे निदान करणारे शिक्षक प्रत्येक शाळेत असते, तर माझा आग्रह मीही सोडला असता. ते नसतात, म्हणून पालकाला बाहेरचा एखादा आकडा लागतो.

प्रश्नकर्ता : पालक, मानेवाडा

सर्वांचे आभार. केंद्रप्रमुख सरांच्या सांगण्यावरून चौथीचा तपशील मागितला. आकारिक ५५, तोंडी ८, लेखी ९. आपल्या अंदाजात एकेका गुणाचाच फरक निघाला. पाचवीची उत्तरपत्रिकाही विनंती केल्यावर पाहायला मिळाली, मात्र तीवर लाल फुल्यांखेरीज काही लिहिलेले नव्हते.

काल संध्याकाळी कूलरपुढे बसून ताईंचे गणित मुलाला घातले. त्याने ३२४ लिहिले. मग ६१८ भागिले ६ दिले, तर उत्तर आले १३. मधले शून्य गायब. पुढे ‘पाच हजार सात’ अंकांत लिहायला सांगितले, तर ५०७ लिहिले. जिथे शून्य नव्हते ती उदाहरणे त्याने बरोबर सोडवली. हे शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. ताई, शून्याच्या जागेसाठी काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करू की थेट स्थानिक किमतीच्या तक्त्यापासून, एवढे सांगाल का? पुनर्परीक्षेला अजून पाच आठवडे आहेत.