मदत हवी आहे: पहिल्या एलिझाबेथवरच्या नाटकासाठी संबोधनं आणि कॉलर

फोंड्याकडच्या जत्रेसाठी दोन अंकी मराठी नाटक लिहीत आहोत. नोव्हेंबर 1558 मध्ये 25 व्या वर्षी इंग्लंडच्या गादीवर आलेली एलिझाबेथ, 1559 च्या फेब्रुवारीतच 'लग्न करा' म्हणून विनवणारं पार्लमेंट, मागणी घालणारा स्पेनचा फिलिप आणि जवळचा रॉबर्ट डडली. डडली विवाहित, 8 सप्टेंबर 1560 ला त्याची बायको एमी जिन्याखाली मृत सापडली. तिथेच पहिला अंक संपतो. ऑक्टोबर 1562 मध्ये राणीला देवी आल्या, वारस नाही म्हणून दरबार हादरला. दुसरा अंक इथून उघडतो.

अडचण भाषेची. 'महाराणीसाहेब, आज्ञा' म्हटलं की थेट साताऱ्याचा दरबार उभा राहतो. तिचा मंत्री सेसिल नुसतं 'राणीसाहेब, आपण' म्हणेल, हे पटतं. पण एकांतात डडली काय म्हणेल? ती त्याला 'माझे डोळे' म्हणायची. 'नयना' केलं तर बाईचं नाव वाटतं. दुसरं काही सुचतं का?

दुसरं, गळ्याची चुणीदार कॉलर. 1559 ला ती लहानच हवी. चाकाएवढी फॅशन 1580 च्या आसपासची. खळ दिलेलं सुती कापड उघड्या मांडावर रात्रीच्या दंवात तासाभरात लोळतं. ऑर्गंडीची अडीच इंची पट्टी, काठात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), असा विचार आहे. 15 इंची गळ्याला 5 मीटर पट्टी पुरेल का? चुण्या उसवू नयेत म्हणून टाका कुठला घालावा? शिवणाऱ्यांनी कृपया नक्की सांगा.