अंदमान: पोहता न येणाऱ्यांसाठी स्नॉर्केलिंग आणि दिवसांची आखणी

मोरपंख:

नमस्कार. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे अंदमानला जाणार आहोत. हाताशी पूर्ण सहा दिवस आहेत. सेल्युलर जेल पाहायचे आहेच; त्याखेरीजचा सगळा वेळ समुद्रकिनारे आणि स्नॉर्केलिंग (मास्क व श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहणे) यांना द्यावा, अशी मनापासून इच्छा आहे. प्रवासाची आखणी करून देणाऱ्यांनी मात्र या सहा दिवसांत रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील, जॉली बॉय आणि बाराटांग एवढी ठिकाणे बसवली असून हॅवलॉकच्या वाट्याला एकच रात्र आली आहे. आमच्यापैकी फक्त पतींना थोडेफार पोहता येते. यातले काय ठेवावे, काय वगळावे आणि पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरावे की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

किनारपट्टी:

बाराटांग निःसंकोच वगळा. चुनखडीच्या गुहा पाहण्यासारख्या आहेत, परंतु तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ठराविक वेळी सुटणाऱ्या वाहनांच्या ताफ्यातूनच पार करावा लागतो. त्यासाठी पहाटेच्या अंधारात निघावे लागते आणि सगळा दिवस त्यातच जातो. नॉर्थ बेही गाळता येईल, कारण तेथे जे दिसते ते हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर दिसतेच.

माझ्या मते हॅवलॉकला तीन रात्री आणि नीलला एक रात्र द्यावी. या बेटांची नावे 2018 पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत, तेव्हा तिकिटावर तीच दिसली तर गोंधळून जाऊ नये. मुक्काम वाढवायला सांगतो याचे कारण असे की एलिफंट बीचला सहसा बोटीनेच जातात आणि समुद्र खवळला तर बोटी बंद ठेवतात; एकच सकाळ हाताशी असेल आणि नेमकी तीच हुकली, तर इतक्या लांब येऊन प्रवाळ न पाहताच परतावे लागते. आमच्या पहिल्या सहलीत नेमके हेच झाले आणि मुलांचे रडवेले चेहरे आजही आठवतात.

हॅवलॉकवरचाच राधानगरचा किनारा मात्र स्नॉर्केलिंगसाठी नाही. तेथे पांढऱ्या वाळूवर चालावे, जीवरक्षकांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच पाण्यात उतरावे आणि सूर्यास्त पाहावा. अंदमान पूर्वेकडे असल्याने फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. सहा वाजता पोहोचणाऱ्यांना अंधारच मिळतो. खाऱ्या पाण्यातील मगरींचे इशारे देणारे फलक गांभीर्याने घ्यावेत. 2010 मध्ये हॅवलॉकजवळ स्नॉर्केलिंग करताना एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. तिवरांच्या खाड्यांच्या मुखाशी आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये.

खारवी:

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण बेटांच्या यादीपेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. नीलवरील भरतपूरचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला प्रवाळांवर गुडघाभरही पाणी राहत नाही. त्या वेळी आडवे तरंगणारा माणूस स्वतःचे गुडघे सोलून घेतो आणि प्रवाळही मोडतो. त्याच बेटावर लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल पाहायचा तर ओहोटीच लागते. म्हणून भरतीला भरतपूर आणि ओहोटीला पूल, असा दिवस लावावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची चढउतार मोठी असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असल्याने ती कमी असते. नवशिक्यांना हे दिवस सोयीचे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला कोकणातला हिशेब मात्र तेथे लागू पडत नाही, त्यामुळे पोर्ट ब्लेअरचेच (आताचे श्री विजयपुरम) भरतीचे तक्ते पाहावेत.

पोहता येत नाही ही मोठी अडचण नाही. जीवरक्षक जाकीट घातल्यावर आपण बुडत नाही आणि एलिफंट बीचवर प्रशिक्षक रबरी ट्यूब धरायला देऊन आपल्याला ओढत नेतात. खरी अडचण श्वासाची असते. नाक मास्कमध्ये बंद असते आणि तोंडाने श्वास घ्यायचा असतो; हे अंगवळणी पडेपर्यंत जीव घाबरा होतो. सासूबाईंना कमरेएवढ्या पाण्यात उभे राहूनच चेहरा बुडवायला सांगा, दहा-पंधरा श्वास शांतपणे होऊ द्या, मगच पाय उचलू द्या. मास्कच्या कडेखाली केसांची एक बट जरी अडकली तरी पाणी आत झिरपत राहते, हे मुलीच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

मोरपंख:

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाराटांग आणि नॉर्थ बे रद्द करून हॅवलॉकच्या तीन रात्री नक्की केल्या आहेत. आणखी दोन शंका आहेत. सासूबाईंना लांबचा चष्मा आहे, त्यांना पाण्याखाली काही दिसेल का? आणि पतींना परतीच्या आदल्या दिवशी स्कुबा (हवेची टाकी लावून खोल पाण्यात उतरणे) करायचे आहे, ते चालेल का?

प्रवाळप्रेमी:

परतीचे विमान सकाळचे असेल तर आदल्या दुपारी स्कुबा करू नये. स्कुबामध्ये दाबाखालील हवा श्वासातून घेतल्यामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो निघून जाण्यासाठी विमानप्रवासापूर्वी किमान 12, शक्यतो 18 तास जावे लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही. म्हणून स्कुबा हॅवलॉकलाच उरकावे.

चष्मा मास्कखाली बसत नाही, कारण त्याच्या काड्यांमुळे फट राहते. नंबर असलेले मास्क मिळतात. शक्य असल्यास निघण्यापूर्वीच एक घ्यावा. नंबर फार नसेल तर साध्या मास्कनेही बरेच दिसते, कारण पाण्यात वस्तू साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात.

अपेक्षांबद्दलही लिहावेसे वाटते. पाणी अनेक आठवडे नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी जास्त तापले, तरी प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. अंदमानात 1998, 2010 आणि 2016 मध्ये हे घडले. त्यामुळे काही ठिकाणी मृत, करडे प्रवाळ दिसतील आणि वाईट वाटेल. अशा जागी घाईने पुढे न जाता थोडा वेळ तरंगत राहावे, कारण त्याच करड्या खडकाला नव्याने फुटलेले जांभळे, पिवळे अंकुर दिसू शकतात. पाण्यात कान दिले की कडकड असा आवाज येतो. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक कुरतडत असतात आणि त्याचीच पुढे पांढरी वाळू होते. महाशिंपल्यावर आपली सावली पडताच तो निळ्या मखमलीसारखे ओठ आत ओढून घेतो, आणि सावली सरली की हळूहळू पुन्हा उघडतो.

प्रवाळांवर उभे राहू नये, आणि प्रशिक्षक स्वतः उभा राहिला तर त्यालाही नम्रपणे सांगावे. वाळूतला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. पाठीला ऊन लागू नये म्हणून मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा. जॉली बॉयला गेलात, तर बेटावर प्लॅस्टिकला बंदी असल्याने पाण्याची बाटली धातूचीच ठेवावी.