मदत हवी आहे: विश्वासाने दिलेली पत्रं मी एकमेकांत मिसळली, आता कशी सोडवू?

नमस्कार. धागा लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

गेली चार वर्षं मी आमच्या घराण्याचे जुने कागद आणि फोटो जमवते आहे. सुरुवात आजोबांच्या तीन धाकट्या बहिणींपैकी थोरलीच्या, म्हणजे आमच्या थोरल्या आत्याआजीच्या पत्र्याच्या ट्रंकेपासून झाली. ती गेल्यावर घर रिकामं करताना ट्रंक भंगारात निघाली होती, ती मी उचलून आणली. नात्यात बातमी पसरली तसं एकेक जण आणून द्यायला लागला. आज ११ घरांतून आलेलं सामान माझ्याकडे आहे: सुमारे २००० फोटो, ६०० च्या वर पत्रं, १४ रोजनिश्या, ९ कॅसेट आणि फिल्मचा एक डबा. विकत काहीच घेतलेलं नाही. लोकांनी भरवशावर दिलं, मी भरवशावर घेतलं.

दोन वर्षांपूर्वी मी सगळी पत्रं पाकिटांतून काढली, गंजलेल्या टाचण्या काढल्या आणि सगळी तारीखवार एकाच फायलीत लावली. तेव्हा फार आनंद झाला होता. एकाच आठवड्यात आजोबा काय लिहीत होते आणि त्याच आठवड्यात त्यांची मेहुणी दुसऱ्या गावाहून काय लिहीत होती, हे सलग वाचता येत होतं. पाकिटं एका पिशवीत भरून ठेवली.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. हे वडिलांचे आतेभाऊ, मधल्या आत्याआजीचे चिरंजीव. त्यांच्या आईने तिच्याकडचा पत्रांचा गठ्ठा स्वतः माझ्या हातात दिला होता. "तुझ्याकडे नीट राहतील," एवढंच म्हणाली होती. कायमची दिली की सांभाळायला दिली, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता ती नाही. काका म्हणाले, "तुला हव्या तेवढ्या नकला काढून घे, पण आईने जपलेलं ते घरात असावं असं वाटतं." ते चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

कारण त्या गठ्ठ्यातली पत्रं कुठली, हे मला सांगता येत नाही. आजोबा तिन्ही बहिणींना एकाच मायन्याने लिहायचे: "चि. सौ. बहिणीस अनेक आशीर्वाद." नाव फक्त पाकिटावर असायचं, आणि पाकिटं मी पत्रांपासून तोडली. तिघींना लिहिलेली अशी १४३ पत्रं आहेत. पोस्टाचा शिक्का आणि पत्रावरची तारीख ताडून ६१ पत्रांची पाकिटं सापडली. उरलेल्या ८२ ची पाकिटं एकतर नाहीत किंवा त्यांवरचे शिक्के पुसट आहेत. मजकुरावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण आजोबा सगळ्यांची खुशाली सगळ्यांना लिहीत.

दुसरं असं की एका चुलतबहिणीने तिच्या वडिलांच्या तीन रोजनिश्या दिल्या आहेत. त्यातली एक तिची आई हयात आहे तोवर कुणी वाचायची नाही, अशी अट आहे. मी तोंडी हो म्हटलं. माझ्यानंतर हे कपाट ज्याच्याकडे जाईल त्याला ही अट कशी कळणार?

आणखी एक. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे आमच्याच घराण्यातला एक अल्बम आला आहे. पहिल्या पानावर पणजोबांचं अक्षर आहे. तो विक्रेता पानं सुटी करून विकायचं म्हणतो आहे. आणि हे कानावर गेल्यापासून एक भाचा त्याच्याकडच्या पत्रांचे पैसे मागतो आहे. त्याला दिले तर बाकीच्या दहा घरांना मी काय तोंड दाखवू?

जाणकारांनी कृपया सांगावं. आधी पत्रांचं सांगितलंत तर बरं, काकांना काहीतरी उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं दप्तरखान्यात काम केलं आहे. ताई, आधी सर्वांत महत्त्वाचं: आता एकही पत्र हलवू नका. आज फाइल ज्या क्रमात आहे त्या क्रमाने प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो काढा. हा क्रम चुकीचा असला तरी तो हातचा आहे, आणखी घोळ झाला तर इथवर तरी परत येता येईल.

मग मजकूर विसरा आणि कागद बघा. वर्षानुवर्षं एकत्र बांधलेली पत्रं एकमेकांवर खुणा सोडतात. टाचणीची भोकं आणि गंजाचे डाग ताडून बघा. टाचणी एकाच ठिकाणी टोचलेली असेल तर ती पानं एका वेळी एकत्र होती. कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, किंवा वाळवीने पाडलेलं भोक बोगद्यासारखं एकाखालच्या एका पानातून जातं आणि पुढे लहान होत जातं, त्यावरून क्रमसुद्धा लागतो. पाणी लागलं असेल तर डागाची कड सलग पानांवर एकाच वळणाने दिसते. गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं पान जास्त काळवंडलेलं असतं, आणि दोऱ्याचा वळ त्याच्या कडेला उठलेला असतो. घड्यासुद्धा मोजा. एकीने पत्र पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवलं असेल, दुसरीने उलगडून सपाट ठेवलं असेल. खिडकीशी बसा, दिवा बाजूने तिरका धरा, म्हणजे पुसट घडीही दिसते. ज्या ६१ पत्रांचं घर नक्की कळलं आहे त्यांवर प्रत्येक घराच्या खुणा काय, ते आधी लिहून काढा. तीच तुमची किल्ली.

तुमच्या हातून जे झालं ते फार जणांच्या हातून होतं, मोठ्या संस्थांतही झालेलं आहे. म्हणूनच १८४१ साली फ्रान्सच्या गृहखात्याने परिपत्रक काढून सांगितलं की एका उगमातून आलेले कागद एकत्रच ठेवायचे, दुसऱ्यांत मिसळायचे नाहीत. पुढे १८९८ मध्ये म्युलर, फेथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखतज्ज्ञांनी त्यापुढे जाऊन मांडलं की आतला मूळ क्रमही मोडू नये. तारीखवार वाचायचं असेल तर नकलांची किंवा संगणकातल्या नोंदींची तारीखवार यादी करा, मूळ कागद ज्याच्या घरून आला त्याच्या नावाच्या खोक्यात. आत्याआजीने कुठलं पत्र कुठल्या पत्राशेजारी ठेवलं, हेही तिने मागे ठेवलेलंच आहे.

आणि एक दाखल नोंदवही आजच घाला. कोणी दिलं, कधी दिलं, कशात बांधून दिलं, देताना काय बोललं. क्रमांक साधा असू दे: ७/१३ म्हणजे सातव्या घरून आलेली तेरावी वस्तू. पत्रावर तो मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. नव्या धर्तीच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटोच्या पाकिटावर लिहा. बॉलपेन नको, मागून दाबल्याचं पुढे उमटतं. शिक्कासुद्धा मारू नका. ओली शाई शेजारच्या फोटोच्या तोंडावर बसलेली मी पाहिली आहे, ती निघत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी कागदपत्रांबद्दल बोलते.

दान, ठेव आणि नक्कल हे तीन शब्द वेगळे ठेवा. दान म्हणजे मालकी तुमच्याकडे आली. ठेव म्हणजे मालक तेच, तुम्ही सांभाळता, मागितल्यावर परत. नक्कल म्हणजे मूळ त्यांच्याकडे, तुमच्याकडे फक्त स्कॅन. प्रत्येक घरासाठी एक पान पुरतं: यादी, या तिनांपैकी काय, अटी काय, तुमच्यानंतर कुणाकडे जायचं, आणि दोघांच्या सह्या. दोन प्रती करा. जे देऊन झालं आहे त्यासाठीही आता जाऊन सह्या घ्या, लोक नाही म्हणत नाहीत. उलट आपल्या वस्तूची कुणीतरी इतकी काळजी घेतं आहे हे पाहून त्यांना बरं वाटतं. नको असलेलं परत करायची किंवा दुसऱ्याला द्यायची परवानगीही त्याच पानावर घेऊन ठेवा, नाहीतर पुढे एक मासिकांचा गठ्ठासुद्धा काढून टाकता येत नाही.

चुलतबहिणीची अट याच पानावर येईल. "आई हयात असेपर्यंत" असं मोघम लिहू नका, कारण ते नंतरच्या माणसाला कसं कळणार? ठरावीक वर्ष लिहा, त्या वर्षाआधी उघडायची नाही. रोजनिशी लिफाफ्यात बंद करून लिफाफ्यावरही तेच वर्ष घाला. आणि स्कॅनही करू नका, कारण एकदा स्कॅन झालेलं बंद राहत नाही.

अजून एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याच्या मालकीचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप या कवीने आपली पत्रं छापणाऱ्या एडमंड कर्लवर दावा लावला होता, त्याच्या १७४१ च्या निकालात हा भेद स्पष्ट झाला. आज बर्न करारानुसार (हा लेखनहक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं चालतो, आणि काही देशांत त्याहून जास्त. म्हणजे काकांनी पत्रं तुमच्याकडेच राहू दिली तरी आजोबांची पत्रं छापायची तर आजोबांच्या सगळ्या वारसांना विचारावं लागेल. घरात वाचायला अर्थातच काही अडचण नाही.

प्रतिसाद ३

अल्बम पुरा घ्या, आजच बोला. पानं सुटली की कुणाचा फोटो कुणाशेजारी होता हे कायमचं गेलं. तो त्याच्याकडे कुठल्या घरातून आला हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. आपल्याच कुणाच्या घरातून न विचारता गेला असेल तर पैसे द्यायच्या आधी घरी बोलणं व्हायला हवं. घेतल्यावर काहीही न काढता पानापानाचा फोटो.

भाच्याला पत्रांचे पैसे देऊ नका. स्कॅनिंगचा आणि पाठवायचा खर्च द्या आणि मूळ त्याच्याकडेच राहू दे. सर्वांना हाच नियम सांगा, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद ४

कुणी फिल्मच्या डब्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. खिडकी उघडी ठेवून डबा उघडा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म ॲसिटेटची (एक जुन्या प्रकारचं प्लास्टिक) आहे आणि ती कुजायला लागली आहे. त्यातून सुटणारी वाफ तीच प्रक्रिया आणखी वाढवते आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. डबा बाकी सगळ्यांपासून लांब, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नका आणि लवकर स्कॅन करून घ्या. कॅसेट वाजवायच्या आधी वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही ध्वनिमुद्रित होणार नाही. फोटो पीव्हीसीच्या पाकिटांत घालू नका, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालेल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

आधी ६१ पत्रांच्या खुणा लिहून काढल्या. थोरल्या आत्याआजीच्या पत्रांना चार घड्या आणि डाव्या कोपऱ्यात टाचणीचं भोक. धाकटीची सगळी सपाट. मधलीच्या, म्हणजे काकांच्या आईच्या पत्रांना एकच आडवी घडी, आणि उजव्या कडेला कसरीचं भोक, जे एका पत्रात मसुराएवढं आहे आणि अकराव्या पत्रापर्यंत जाऊन टाचणीच्या टोकाएवढं होतं. दिवा तिरका धरून रोज रात्री बसले. ८२ पैकी ६७ पत्रांना घर मिळालं.

उरलेली १५ घेऊन काकांकडे गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटं करून पाहिलं, आणि चार पत्रं बाजूला काढली. मागच्या बाजूला अगदी खाली निळ्या पेन्सिलीने "उ. दि." असं बारीक लिहिलेलं होतं. मी ती अक्षरं दोन वर्षं पाहत होते, पोस्टाची काही खूण असेल असं समजून. काका म्हणाले, "उत्तर दिलं. आई प्रत्येक पत्रावर लिहायची." मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

गठ्ठा आता त्यांच्या घरी आहे, स्कॅन माझ्याकडे. नोंदवहीत त्यांच्या पानावर "नक्कल" लिहून दोघांनी सही केली. अल्बमही पुरा मिळाला. राहिलेली ११ पत्रं वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत, वर "तिघींपैकी एकीची" असं लिहून.

एक विचारायचं राहिलं. डब्याला आंबट वास येतो आहे. स्कॅन करून मिळेपर्यंत तो फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का, आणि ठेवायचा तर कशात गुंडाळून?