अनुभव धागा : फोटोतला मासा आणि तराजूतला मासा

पावसाळा सरला की आपल्या नागपूरच्या गळवाल्यांचे फोटो सुरू होतात. खिंडसी, वडगाव, गोसेखुर्द, कन्हानचे डोह. फोटोतला रोहू धरणाऱ्याची अख्खी छाती झाकतो, आणि घरी कापला की सावजी रश्शात चार माणसांना धड पुरत नाही. खोटं कोणी बोलत नसतं, फोटोशॉपही नसतं. तरी मासा मोठा होतो. कसा होतो, तुम्हाला कुठे दिसलं, कुठे फटका बसला, ते इथे लिहा. वजन खरंच केलेलं असेल तर जास्त मजा. तोतलाडोहातले फोटो मात्र टाकू नका, तिथे मासेमारीला बंदी आहे आणि धाग्याला विनाकारण ताप होईल.

सुरुवात हिशोबाने करतो. गडी फोनपासून दीड मीटरवर उभा आहे. मासा त्याने हात ताणून अर्धा मीटर पुढे धरला, म्हणजे मासा फोनपासून एकच मीटर. त्याच्या अंगाच्या मानाने मासा दीडपट दिसणार. आता गंमत इथे आहे : डोळ्याला दीडपट दिसते ती लांबी, पण मन अंदाज बांधतं वजनाचा. लांबी, उंची, जाडी तिन्ही दीडपट धरली की वजन जवळजवळ साडेतीनपट होतं. दोन किलोचा रोहू पाहणाऱ्याच्या डोक्यात सात किलोचा होऊन बसतो. तोच गडी, तसेच ताणलेले हात, पण फोटो पाच मीटरवरून झूम करून काढा. दोनाचे फार तर पावणेतीन होतील.

लेन्सवाला, धरमपेठ

लग्नाचे फोटो काढतो, म्हणून जरा बोलतो. सगळे म्हणतात वाइड लेन्समुळे मासा मोठा दिसतो. लेन्स बिचारी काही करत नाही, करतं ते अंतर. फोनची साधी लेन्स २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपासची असते, त्यामुळे माणूस फ्रेमभर यावा म्हणून आपण आपोआप जवळ सरकतो. आणि जवळ गेलं की पुढची वस्तू फुगते. अल्ट्रावाइडला आणखी एक खोड असते, कडेची वस्तू ताणली जाते. डोकं मधे आणि शेपटी फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा, शेपटी वीतभर वाढते. वर फोटो काढणारा उकिडवा बसला की झालंच.

माझी एक ट्रिक सांगून ठेवतो. मासा पाहूच नका, हात पाहा. माणसाचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण त्याच्या हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत असतो. आत्ता स्वतःच्या तोंडावर ठेवून पाहा. फोटोत पंजा तोंडाच्या दीडपट दिसला, तर मासाही दीडपट फुगलेला आहे. म्हणूनच पट्टीचे लोक बोटं माशाच्या मागे लपवतात. बोटं दिसत नसतील तर समजून जा.

फुटाळ्याचा गळ

बे, एवढं गणित कोण करते? मासा पकडला, आनंद झाला, हात पुढे गेला. संपलं. आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे की फोटोतल्या आकड्याला तीनने भागायचं. कोणाचं काय नुकसान होऊन राहिलं?

कुहीचा शेततळेवाला

भाऊ, नुकसान होते. माझं झालं.

शेततळ्यात सोडायला बोटुकली पाहिजे होती. एकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तळहातावर पिल्लं, चांगली बोटाएवढी, चमकदार. फोटोत तळहाताशिवाय काहीच नव्हतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आल्या, तळ्यावर सोडल्या, आणि पाहतो तर पिल्लू जेमतेम इंचाचं. विचारलं तर म्हणे फोटो त्याच मालाचा आहे. आणि होताही! फक्त तळहात त्याच्या शाळेतल्या पोराचा होता.

हसायला ठीक आहे. पण आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडणं वेगळं आणि इंचभराचं पिल्लू सोडणं वेगळं. तळ्यात आधीचे मरळ होते. मरळाला मोठं पिल्लू पकडायला कष्ट पडतात, लहान तर फुटाण्यासारखं. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा जाळ्यात रोहू-कतला मोजकेच, मरळ मात्र गलेलठ्ठ. आता मी बीज घेताना एकच सांगतो : पोराच्या कंपासपेटीतली पट्टी काढ, पिल्लू ओलं करून पट्टीवर ठेव, फोटो वरून सरळ काढ. जो आढेवेढे घेतो त्याच्याकडून घेत नाही.

भोईपुरा

आई सांगते, मी टाइप करते.

"मी बाजारात बसतो तवा गिऱ्हाईक मासोळी हातात घेऊन पायते, तिथं काई वांदा नाई. वांदा होते फोनवर. मनीषनगर, बेसा इकडचे लोकं म्हनते फोटो पाठवा. फोटो पाठोला का म्हनते एवढी मोठी नोको, लहान दे. लहानीचा पाठोला तरी म्हनते मोठी हाय. काऊन का मी पाटावर ठेवून जवळून काढतो न! आता मासोळी काट्याच्या ताटात ठेवतो आन् आकडा दिसन असा फोटो काढतो. फोटो कसाई येऊ दे, आकडा तं लंबा होत नाई."

आईचं आणखी एक म्हणणं आहे ते मी माझ्या भाषेत लिहिते. कतल्याचं डोकं मोठं असतं. डोक्याकडून फोटो काढला की अख्खा मासा दणदणीत वाटतो, पण साफ केल्यावर तुकडे त्या मानाने कमी निघतात. डोकं आवडीने खाणाऱ्यांची काही तक्रार नसते. बाकीचे तराजूवर संशय घेतात.

निवृत्त मास्तर

प्राणिशास्त्र शिकवत होतो, म्हणून दोन खुणा सांगतो, ज्या फोटोच्या अंतराने बदलत नाहीत.

पहिली, डोळा. मासा वाढतो तसा डोळाही वाढतो, पण डोक्याच्या मानाने कमी वेगाने. म्हणून लहान माशाचा डोळा डोक्यात मोठा दिसतो आणि मोठ्या माशाचा बारीक. फोटोत "दहा किलोचा" कतला आहे आणि डोळे बटाट्यासारखे आहेत, तर ते पिल्लू आहे. अर्थात तुलना त्याच जातीच्या माशाशी करा.

दुसरी, खवले. माशाचं वय वाढलं म्हणून खवल्यांची संख्या वाढत नाही, असलेलेच खवले मोठे होतात. रोहूच्या अंगावरच्या मधल्या रेषेत कल्ल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुमारे चाळीस खवले असतात, लहान असो की मोठा. फोटोत मासा धरणाऱ्याचा अंगठा अगदी खवल्यांना टेकलेला असतो, म्हणजे अंतराची भानगड नाही. एका खवल्याचा दिसणारा भाग अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणजे दीडेक सेंटिमीटर दिसला, तर कल्ल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत साठ सेंटिमीटर. त्यात डोकं आणि शेपटी मिळवा, तो खरंच मोठा मासा. खवला नखाच्या अर्धा असेल तर बाकी सगळं कॅमेऱ्याचं.

आणि ही हौस आजची नाही. अमेरिकेत १९१० च्या आसपास घोडागाडीभर एकच मासा दाखवणारी पोस्टकार्डं विकली जात. कॅन्ससमधले डॅड मार्टिन हे छायाचित्रकार त्यासाठी प्रसिद्ध होते. माशाचा फोटो कापून दुसऱ्या फोटोवर चिकटवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. घेणाऱ्याला गंमत माहीत असे, फसवणूक नव्हती.

लेन्सवाला, धरमपेठ

मास्तरांना दंडवत. यावरून आठवलं, आजोबांच्या काळातले आगफा क्लिकवाले फोटो मला जास्त खरे वाटतात. त्या कॅमेऱ्याचा फोकस ठरलेला असायचा, फार जवळचं धूसर यायचं. हात ताणून मासा पुढे करून फायदाच नव्हता. फिल्मच्या एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून लोक लांब उभे राहून सगळं कुटुंब आणि मासा एकत्र बसवत.

फुटाळ्याचा गळ

बरं बाबा, मान्य. आता खरा फोटो कसा काढायचा तेही सांगा. मी माशाशेजारी पाचशेची नोट ठेवतो.

(धागाकर्ता)

नोट चालते, १५० मिलिमीटर लांब असते. पण ती माशाला टेकून, त्याच उंचीवर पाहिजे. माशाच्या मागे जमिनीवर पडलेली नोट मासा आणखी फुगवते. त्यापेक्षा घरच्या दोन फुटी टाइलवर मासा आडवा ठेवा, फोन बरोबर डोक्यावर धरा.

तरीही एक गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे जाडी. म्हणून सुतळीने घेर मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि २८,९०० ने भागा : किलोत ढोबळ वजन मिळतं. (गळवाल्यांचं जुनं सूत्र इंच-पौंडाचं आहे, तिथे ८०० ने भागतात.) साठ सेंटिमीटरचा चाळीस घेराचा रोहू सव्वातीन किलोच्या पुढे जातो. तेवढ्याच लांबीचा, पण पन्नास घेराचा कतला पाच किलो ओलांडतो. बाजूने काढलेल्या फोटोत हा फरक पुरता कळत नाही.

कुहीचा शेततळेवाला

गोसेखुर्दच्या शिंघाड्याला, म्हणजे त्या मिशावाल्या माशाला, हे सूत्र चालते काय?

निवृत्त मास्तर

अंदाजापुरतं. त्याचं डोकं चपटं असतं, म्हणून घेर कल्ल्याजवळ न घेता पाठीवरच्या पराच्या पुढे घ्या. आणि मिशा लांबीत धरू नका, परवा एकाने धरल्या होत्या.

फुटाळ्याचा गळ

अन् सापासारखी लांब वाम?

निवृत्त मास्तर

आधी ती टाइलवर सरळ करून दाखवा.