बेळगाव ते बेंगळूर: अंतर ४४५ किलोमीटर, मग विमानाला सव्वा तास का?

नंदगडकर:
सर्वांना नमस्कार. पुढील महिन्यात वडिलांना तपासणीसाठी बेंगळूरला न्यायचे आहे. त्यांचे वय ७४ असून रात्रभर स्लीपर बसमध्ये हादरे खात जाणे त्यांना आता सोसत नाही, म्हणून प्रथमच सांबऱ्याहून विमानाने जाण्याचा विचार आहे. एके ठिकाणी हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर दिलेले दिसले. विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिकिटावर सव्वा तास का लिहिलेला असतो? शिवाय नंदगडहून निघून बेंगळूर शहरात पोहोचेपर्यंतचा हिशेब केला, तर वेळ खरोखर किती वाचेल?

सांबरेवासी:
४४५ हा आकडा सांबरा ते देवनहळ्ळी या दोन विमानतळांमधील सरळ रेषेचा आहे. महामार्ग धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर अशी गावे घेत जातो, त्यामुळे त्या वाटेने अंतर पाचशेच्या घरात जाते.

तिकिटावरील वेळ ही निव्वळ हवेतील नसते. चाकांचे अडसर काढून विमान जागचे हलले की ती सुरू होते आणि उतरल्यावर विमान ठरलेल्या जागी उभे राहिले की संपते. सांबऱ्यात धावपट्टी चटकन गाठता येते. देवनहळ्ळीला मात्र उतरल्यानंतरही विमान बराच वेळ जमिनीवरूनच चालत राहते, आणि गर्दी असल्यास त्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्याच. चढताना आणि उतरताना पूर्ण वेग मिळत नाही, तो खर्च प्रवास लहान असो वा मोठा, सारखाच पडतो. सांबरा ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,४३० किलोमीटर, म्हणजे बेंगळूरच्या तिपटीहून अधिक आहे. तरी वेळ अडीच तासांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दुप्पट लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे आठशेचा वेग जेट विमानाचा आहे. पंख्यांचे एटीआर ताशी पाचशेच्या आसपास उडते, तेव्हा तिकीट काढताना विमान कोणते आहे तेवढे पाहावे.

खानापूर रोड:
नंदगडहून गोगटे सर्कलमार्गे सांबऱ्यापर्यंत दीड तास धरा. सामान देण्याची खिडकी साधारणतः उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचलेले बरे. त्यात उड्डाणाचा सव्वा तास, सामान मिळेपर्यंतचा अर्धा तास आणि देवनहळ्ळीहून मॅजेस्टिकपर्यंतच्या सुमारे ३५ किलोमीटरचा दीड तास मिळवला, तर सव्वासहा तास होतात. बसने अकरा तास मोडतात. (२००८ पूर्वी विमान शहरातल्याच एचएएल विमानतळावर उतरत असे, तेव्हा हा हिशेब अधिक सोपा होता.)

गेल्या वर्षी मी आईला घेऊन गेलो, तेव्हा सांबऱ्यात विमानापर्यंत चालत जाऊन शिडी चढावी लागली. पाचव्या पायरीवर ती कठडा धरून थांबली आणि मागची रांग तटली. आपण तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करावी, आणि शिडी चढता येत नसल्यास तेही त्याच वेळी सांगावे.

नंदगडकर:
दोघांचेही आभार. व्हीलचेअरची नोंद आजच करतो. परतीच्या दिवशी तपासणी किती वाजता आटोपेल याचा भरवसा नाही, म्हणून येताना लोंढ्यापर्यंत रात्रीच्या रेल्वेने यावे असे वडील म्हणतात. खालचा बर्थ मिळाला तर माझीही हरकत नाही.