‘नियामक आघात मूल्यांकन’ला बरा मराठी शब्द?

प्रश्न (डिचोली, गोवा): विधेयक आणण्याआधी त्याचा खर्च किती, लाभ कुणाला, बोजा कुणावर, हे सरकारने तपासून कागदावर मांडायचे. इंग्रजीत ‘रेग्युलेटरी इम्पॅक्ट असेसमेंट’. मी ‘नियामक आघात मूल्यांकन’ लिहिलेय, पण वाचताना इस्पितळात शिरल्यासारखे वाटते.

फोंडा: आघात काढाच. तो पर्यावरणाच्या कागदांतून आलाय, खाणीला शोभतो. कायद्याचे परिणाम बरेही असतात. ‘नियामक’ही नको, नियमन करणाऱ्या यंत्रणेचीच तपासणी चाललीय असे वाटते. मी ‘कायद्याच्या संभाव्य परिणामांचे पूर्वमूल्यमापन’ लिहिते. लांबलचक आहे खरे. पण एकदा पूर्ण लिहिले की पुढे नुसत्या ‘पूर्वमूल्यमापना’वर भागते.

पेडणे: ‘पूर्व’ मात्र सोडू नका हां, तपासणी आधीच हवी. माडाचे आठवते ना? २०१६ साली गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘झाड’च्या व्याख्येतून माड वगळला. दुरुस्ती एवढीशी, पण परवानगीशिवाय माड तोडता येणार म्हटल्यावर गावोगाव ओरड झाली. पुढच्या वर्षी, निवडणुकीनंतर, माडाला परत झाड ठरवायचा निर्णय. २०२१ चे, राहत्या घराची मालकी देऊ पाहणारे भूमिपुत्र विधेयकही तसेच: आधी मंजूर, मग नावातल्या ‘भूमिपुत्र’ शब्दावरून आदिवासी समाजाचा विरोध, मग नाव बदलायची घोषणा.

डिचोली: पण मसुद्यावर हरकती-सूचना मागवतात, ते हेच ना?

फोंडा: ती जनतेशी सल्लामसलत. केंद्राच्या २०१४ च्या धोरणात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत: मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, आणि सोबत कायद्याची गरज, खर्चाचा अंदाज, पर्यावरण, मूलभूत हक्क आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल हेही द्यायचे. दुसरा भाग म्हणजे सरकारचा स्वतःचा गृहपाठ. तो नसेल तर लोक हरकत घेणार कशावर? अर्थात हे धोरण आहे, कायदा नाही. पाळले नाही म्हणून विधेयक अडत नाही.

विधेयकाला जोडतात त्या वित्तीय निवेदनाशीही गल्लत करू नका. त्यात तिजोरीतून किती जाणार तेवढेच असते. मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) किंवा भाटकाराला (जमीनमालकाला) काय पडणार, ते तिथे शोधू नका.

डिचोली: ठरले, ‘पूर्वमूल्यमापन’. मग कायदा लागू झाल्यावर जे तपासतात, ते ‘उत्तरमूल्यमापन’?

पेडणे: नको रे बाबा, उत्तरपत्रिका तपासल्यासारखे वाटेल. सरळ ‘अंमलबजावणीनंतरचा आढावा’ लिहा.