मुलीच्या जबड्यात सिस्ट निघाली, कुठे दाखवू?

जालनेकर: मुलगी पंधरा वर्षांची. दातांना तारा लावायच्या म्हणून ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढला, तर खालच्या जबड्यात दाढांच्या मुळाशी काळी पोकळी दिसली. दुखत नाही, सूज नाही. डेंटिस्ट म्हणतात, दोन दाढांचं रूट कॅनाल करून ऑपरेशन. बजेट वीस हजार, त्याच्या वर झेपणार नाही.

कोथरूडची_आई: सरळ पुण्याला या. भाच्याचं इथेच केलं, लाखाच्या वर गेले, पण मोठे डॉक्टर, स्वतंत्र खोली. लेकीच्या बाबतीत पैशाकडे बघू नका.

ओरल_सर्जन: रूट कॅनाल थांबवा. आधी गार लावून दाढा जिवंत आहेत का ते बघा. जिवंत असतील आणि पोकळीची कड मुळांच्या मधे कमानीसारखी शिरत असेल, तर सिंपल बोन सिस्टची शक्यता बरीच. तिला आतून अस्तर नसतं, उघडल्यावर बऱ्याचदा रिकामीच निघते. खरवडून आत रक्त साकळू दिलं की हळूहळू हाड भरतं. पण केराटोसिस्ट (परत उद्भवू शकणारी सिस्ट) आणि अमेलोब्लास्टोमा (जबड्याचा ट्यूमर) याही एक्सरेत अशाच दिसू शकतात, म्हणून सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) हवा. उघडण्याआधी सुई घालून बघतात. भसाभस रक्त आलं तर छोट्या क्लिनिकमध्ये पुढे जाऊ नये. जे निघेल ते बायोप्सीला जायलाच हवं.

सातारी: माझी केराटोसिस्ट होती. नुसती खरवडली, परत आली. दुसऱ्यांदा कार्नॉय सोल्युशन (उरलेल्या पेशी मारणारं रसायन) लावलं. खालचा ओठ अजून बधिर आहे, चहा ओघळला तरी कळत नाही. किरकोळ ऑपरेशन म्हणतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

बाबा_७०: केराटोसिस्ट म्हणजे ट्यूमर. घाबरा जरा.

ओरल_सर्जन: 2005 मध्ये डब्ल्यूएचओनं ट्यूमरमध्ये घातली होती, 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणली. मुलीला ती आहे असं अजून कुणीच म्हटलेलं नाही.

निसर्गप्रेमी: होमिओपॅथी द्या. मावशीच्या मानेवरची गाठ विरघळली.

सातारी: इथे हाडात पोकळी आहे हो!

कोथरूडची_आई: पुन्हा सांगते, पुणे.

जालनेकर: गार लावून बघितलं, दोन्ही दाढांना लगेच कळ आली. रूट कॅनाल रद्द. पुणे नाही जमणार. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात सोमवारी नेतोय, ओपीजी घेऊन.

बाबा_७०: सरकारीत शिकाऊ पोरं हात लावतात!

जालनेकर: प्राध्यापकांना भेटूनच ठरवेन. तारांचं नंतर बघू.